मांडणी हलवू नये

फोन ठेवला तेव्हा मेट्रनच्या हातात अर्धा चिरलेला कांदा होता. त्यांनी तो डब्यात बंद केला, डबा फ्रिजच्या तळाशी सरकवला आणि तिथूनच हाक मारली, “अहो, उठा. तासाभरात माणसं येताहेत.”

बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान वर्तमानपत्र वाचत होते. म्हणजे हातात पेन्सिल घेऊन त्यातल्या छपाईच्या चुका टिपत होते. एका छापखान्यात मुद्रिते तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती आणि निवृत्तीनंतरही ती खोड सुटली नव्हती. सगळे त्यांना काका म्हणत. काकांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि ते मुकाट्याने कामाला लागले. न्हाणीघरातले दात घासायचे ब्रश एका पिशवीत गेले. औषधाच्या बाटल्या, चष्म्याची घरे, गुडघ्याला लावायचे मलम, सगळे त्याच पिशवीत. मेट्रननी ओटा पुसला, खिडक्या उघडल्या आणि पलंगावरच्या चादरीचे कोपरे, इस्पितळात मेट्रन असताना वॉर्डातल्या परिचारिकांकडून घालून घेत तसे, ताणून घातले. काका एकेका खुर्चीपाशी वाकून पाहत होते. प्रत्येक खुर्चीच्या पायाखाली फरशीच्या रंगाच्या चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि पाय नेमका त्या तुकड्यावर टेकावा लागे.

“अक्का, चल. खाली बाकावर जाऊन बसू,” ते म्हणाले.

“तू चपला काढून ठेव, मी येते,” त्यांची थोरली बहीण आतून म्हणाली. थोड्या वेळाने ती कोणाचाही हात न धरता खोलीतून आली, सोफ्याच्या पाठीवरून बोटे सरकवत टेबलाला वळसा घालून दारापाशी पोचली आणि तिथे थबकली.

“मेट्रनबाई, कांद्याचा वास येतोय.”

“खिडक्या उघडल्यात, अक्का.”

“खिडक्या उघडल्यास, पण हात कुठे धुतलेस?”

मेट्रन निमूट परत आत गेल्या. काका हसू दाबत चपलांचे पट्टे सारखे करत राहिले. दार ओढून तिघे खाली उतरली, तेव्हा मागे राहिलेल्या घरात कोणी राहते अशी एकही खूण उरली नव्हती.

घर त्यांचे नव्हतेच. रिकामे घर पाहणाऱ्याच्या मनात भरत नाही. भिंतींवरचे डाग आधी दिसतात, खोल्या आहेत त्याहून लहान वाटतात, बोलले की आवाज घुमतो. म्हणून विक्रीची घरे सजवून देणारी एक बाई अशा घरांत सोफा, पलंग, टेबल, दिवे आणून मांडी, त्यांचे फोटो काढी, आणि घर बंद राहून कुबट होऊ नये यासाठी एखाद्या नीटनेटक्या कुटुंबाला नावापुरत्या भाड्याने तिथे राहायला ठेवी. अटी मात्र कडक होत्या. भिंतीवर स्वतःचे फोटो नकोत, वास नकोत, फोन आला की घर आवरून बाहेर पडायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे, मांडणी हलवू नये. हे शेवटचे वाक्य ती इतक्यांदा म्हणे, की घरात तिचे नाव मांडणीबाई पडले होते. तोंडावर अर्थात ते तिला ताई म्हणत. घर विकले गेले की सामान नव्या घरी जाई, आणि सामानापाठोपाठ ही माणसेही.

जुनी इमारत पाडली गेली तेव्हा काका आणि मेट्रन यांनी तात्पुरते म्हणून हे काम पत्करले. पुढे ते त्यांना मानवले. एकाला चुका शोधायची सवय होती, दुसरीला चादरीवर सुरकुती खपत नसे. अशी माणसे मांडणीबाईला दिवा घेऊन शोधूनही मिळाली नसती. अक्का नंतर आल्या. एकेकाळी त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. लग्न केले नाही, एकट्या राहिल्या, कोणाला तोशीस दिली नाही. मग नजरेचा मधला भाग विरळ होत गेला. आता कडेने उजेड आणि सावल्या तेवढ्या कळत. गॅसवर मनगट भाजून घेतल्याचे कळले त्याच दिवशी काका जाऊन त्यांना घेऊन आले.

पहिल्या घरात अक्का पलंगाच्या कडेला बसून राहत. पाणी हवे असले तरी कोणी जवळून जाईपर्यंत थांबत, आणि मग इतक्या सहज मागत की जणू आत्ताच तहान लागली. कितीही विचारले तरी “मला काही नको” एवढेच उत्तर. ते घर अंगवळणी पडते न पडते तोच विकले गेले. दुसऱ्या घरात पुन्हा पलंगाची कड, पुन्हा तेच उत्तर. मेट्रननी आयुष्यात पुष्कळ रुग्ण पाहिले होते. माणूस पाणी मागायचे टाळू लागला की त्याच्या आत काय चालले असते हे त्यांना ठाऊक होते, आणि त्या घाबरल्या होत्या.

हे तिसरे घर मात्र विकता विकले जात नव्हते. रस्त्याच्या आतल्या बाजूला, लिफ्ट जुनी, भाव जरा चढा. महिने जात राहिले आणि अक्कांनी घर पाठ केले. यात मांडणीबाईच्या अटीचा वाटा मोठा होता. इतर घरांत माणूस खुर्ची ओढतो, बसतो आणि उठताना तशीच सोडून जातो. स्टूल आज इथे, उद्या तिथे. न दिसणाऱ्याने रोज नवे घर शिकायचे. इथे प्रत्येक पाय आपल्या चिकटपट्टीवर परत जात असे, काका जातीने नेत असत. सोफ्याच्या पाठीवरून निघाले की हात टेबलाच्या कोपऱ्यावर येई, तिथून वळले की स्वयंपाकघराची चौकट. यात कधी फरक पडत नसे. एके सकाळी मेट्रनना कपांचा आवाज ऐकू आला. जाऊन पाहतात तो अक्का ओट्यापाशी उभ्या, गॅसवर चहा उकळत होता. पुढे होऊन भांडे हातात घ्यायची मेट्रनना अनावर इच्छा झाली. हात पाठीमागे धरून त्या दारातच उभ्या राहिल्या.

“किती वेळ उभी राहणार आहेस?” अक्का पाठमोऱ्याच म्हणाल्या. “साखर तुझी तू घाल. माझ्या हातची तुला कमी पडते.”

त्यानंतर सकाळचा चहा अक्कांचा झाला. मग त्यांनी झाडाला पाणी घालायचे कामही आपल्याकडे घेतले. गॅलरीच्या दाराशी कोपऱ्यात उंच कुंडीत ते झाड होते, आणि ते प्लास्टिकचे होते. काकांना सांगायचे धाडस झाले नाही. अक्का तांब्याने पाणी घालून आत वळल्या, की ते फडके घेऊन जात आणि कुंडीतून गालिच्यावर वाहत येणारे पाणी गुपचूप टिपून घेत.

आणि नेमके अशाच दिवसांत एका जोडप्याला घर आवडले. ती दोघे वडिलांना घेऊन पुन्हा पाहायला येणार होती. त्या दिवशी मेट्रननी घर रोजच्यासारखे आवरले, अक्कांना बाकावर बसवून आल्या, आणि दुधाचे पातेले गॅसवर ठेवून शेजारी उभ्या राहिल्या. काका पिशवी घ्यायला वर आले तेव्हा घरभर धूर झाला होता.

“अगं, दूध करपतंय.”

“कळतंय मला.”

“मग गॅस बंद कर ना.”

“करते. अजून थोडं करपू दे.”

काका बायकोच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी सोफ्याकडे पाहिले, टेबलाच्या कोपऱ्याकडे पाहिले, आणि पिशवी उचलून खाली गेले. वडिलांना वास आवडला नाही. ते जोडपे पुन्हा आले नाही.

या गोष्टीविषयी नवराबायको एकमेकांशी अवाक्षर बोलली नाहीत. पुढच्या वेळी आपलाही हातभार लागावा म्हणून काकांनी निघताना सोफ्यावरची उशी तिरकी करून ठेवली. फाटकापर्यंत गेले आणि किल्ली विसरल्याचे सांगून परत फिरले.

ते खाली आल्यावर मेट्रननी हलकेच विचारले, “उशी सरळ करून आलात ना?”

“डोळ्यांसमोरून जाईना गं ती.”

“तुमच्यानं व्हायचं नाही. राहू द्या.”

तरी मोठ्या प्रयत्नाने त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर सैल केला. दिवसभर तो नळ ठिबकत राही, आणि ज्याने आयुष्यात एक वेलांटी चुकलेली सोडली नाही तो माणूस ते ठिबकणे ऐकत कूस बदलत राही. दूध करपत होते, नळ गळत होता, माणसे येत होती आणि जात होती. अक्का सकाळी चहा करत होत्या.

एक दिवस मांडणीबाई एकटीच आली. खोळ चुरगळू नये म्हणून ती नेहमीसारखी सोफ्याच्या अगदी कडेला बसली. वयाने त्यांच्या मुलीसारखी, सदा घाईत, पर्सला मोजपट्टी अडकवलेली. आज घाई नव्हती.

“काकू, या घराचं काय चुकतंय मला समजत नाही,” ती म्हणाली. “लोकांना वास येतो, असं घर दाखवणारा दलाल सांगतो. मला एकदाही आला नाही. मालक म्हणतात, महिनाअखेरपर्यंत बघतो, नाही तर काम दुसऱ्याला देतो. माझ्याकडच्या बाकीच्या दोन घरांच्या मालकांच्याही हे कानावर गेलंय.”

मेट्रन कपातल्या चहाकडे पाहत राहिल्या.

“नळ गळतो असंही कोणी म्हणालं.”

“वॉशर असेल,” काका म्हणाले. “बघतो.”

“तुम्ही दोघं आहात म्हणून निदान घराची काळजी नाही मला. नाही तर कुणाकुणाकडे लक्ष देऊ?”

खुर्चीत बसलेल्या अक्कांनी मान किंचित तिरपी केली होती. कानाला हेडफोन लावून बसत असत त्या काळापासूनची ती सवय होती.

“पोरी, जेवलीस का आज?” त्यांनी विचारले.

“जेवेन आता, अक्का.”

“म्हणजे नाही. मेट्रनबाई, हिला काहीतरी खायला दे आधी.”

त्यानंतर काही दिवसांनी मेट्रनच्या गुडघ्याचा एक्स-रे काढायचा होता. अक्कांना घरी ठेवून दोघे इस्पितळात गेली. तिथे फोन बंद ठेवायला सांगतात. मांडणीबाईने त्या दोघांना पुन्हा पुन्हा फोन लावला आणि शेवटी अक्कांच्या मोठ्या बटणांच्या फोनवर लावला.

“बोला,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, काका-काकू कुठे आहेत? फोन लागत नाही. माझ्याबरोबर घर बघायला माणसं आहेत, लांबून आलीत, संध्याकाळी परत जाणार आहेत. पण घर आवरलेलं नसेल…”

“किती वेळात पोचशील?”

“अर्धा तास. पण तुम्ही एकट्या…”

“आण त्यांना. घर मी बघते.”

फोन ठेवून अक्का क्षणभर तशाच बसल्या. मग उठल्या. न्हाणीघरात जाऊन त्यांनी ब्रश गोळा केले, फळीवरून हात फिरवून बाटल्या उचलल्या, सगळे पिशवीत घालून पिशवी कपाटात ठेवली. चादरीच्या कोपऱ्यांना हात लावून पाहिला. ते ताठ होते. खुर्च्यांचे पाय पाहायला वाकायची गरज नव्हती. स्वयंपाकघरात आल्या तेव्हा ओट्यावर सकाळचे दुधाचे पातेले हाताला लागले. गॅसचे बटण त्याच्या शेजारीच होते. पातेल्याच्या काठावर बोटे ठेवून त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या. नळ ठिबकत होता. मग त्यांनी पातेल्यावर झाकण घातले, ते फ्रिजमध्ये ठेवले, आणि एकेक करून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

दार उघडले ते अक्कांनीच. मांडणीबाईबरोबर मध्यम वयाचे एक जोडपे होते. नवरा बोलका होता. गाडी कुठे लावायची, लिफ्ट किती जुनी, वरचे शेजारी कसे, हे तो दारातच विचारू लागला. बायको गप्प होती.

“या आमच्या…” मांडणीबाई अडखळली. घरात राहणारे माणूस पाहायला आलेल्यांच्या समोर पडावे हेच मुळी तिच्या नियमात बसत नव्हते.

“मी इथेच राहते,” अक्का म्हणाल्या. “घर मी दाखवते. तू बैस जरा, धावपळ करून आलीस.”

सोफ्याच्या पाठीवरून बोटे सरकवत त्या पुढे निघाल्या. चाल इतकी सरळ होती की पाहुण्यांना वेगळे काही वाटले नाही.

“आजी, ऊन येतं का इथे?” नवऱ्याने विचारले.

“सकाळी नाही. दुपार कलली की या खुर्चीच्या डाव्या हातावर येतं, मग मांडीवर. मांडीवरून उतरलं की चहाची वेळ झाली समजायचं.”

तो हसला. “आणि गरम होतं का?”

“गॅलरीचं दार आणि स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर आहेत. दोन्ही उघडी ठेवा आणि मध्ये कपाट ठेवू नका. ही भिंत भर उन्हाळ्यातही गार असते, हात लावून बघा. वरच्यांकडे लहान मूल आहे, दुपारी पळतं. आमचं त्यानं काही अडत नाही, तुमचं अडेल का ते तुम्ही ठरवा.”

स्वयंपाकघरात नवरा म्हणाला, “नळ गळतोय.”

“तो माझ्या भावानं सैल केलाय. जायच्या आधी घट्ट करून देईल.”

नवऱ्याला ही थट्टा वाटली आणि तो मोकळेपणाने हसला. मांडणीबाई हसली नाही.

अक्का बायकोच्या पावलांकडे लक्ष देऊन होत्या. जन्मभर तारेच्या दोन टोकांना बोलणारी माणसे ऐकून त्यांना एक गोष्ट समजली होती: जास्त बोलणारा बहुधा नुसता चौकशी करत असतो, ठरवणारा गप्प असतो. त्या तिच्या दिशेने वळल्या.

“तुम्ही दोनदा लहान खोलीच्या दारात थांबलात.”

बायको दचकली. मग म्हणाली, “माझी आई यायची आहे आमच्याकडे. कायमची. तिला दिवसातून बरेचदा न्हाणीघरात जावं लागतं, आणि कुणाला उठवायचं म्हणजे तिला संकोच वाटतो.”

“मग बघा,” अक्का म्हणाल्या. त्या खोलीच्या दाराशी गेल्या, भिंतीला तळवा लावला आणि चालू लागल्या. “अशी भिंत धरून निघायची. भिंत सुटते तिथेच न्हाणीघराची कडी आहे. मध्ये उंबरा नाही. दिवा लावला नाही तरी चालतं. कुणाला उठवावं लागत नाही.”

बायको त्यांच्या हाताकडे पाहत होती. कडी चाचपणारी बोटे, आणि दुसरीकडेच रोखलेले डोळे. “आजी, तुम्हाला…”

“फारसं दिसत नाही. म्हणून तर खात्रीनं सांगते.”

संध्याकाळी काका आणि मेट्रन परतली तेव्हा मांडणीबाई अजून बसून होती, आणि चक्क सोफ्याला टेकून बसली होती. अक्का खुर्चीत होत्या.

“घर गेलं,” अक्का म्हणाल्या. “त्यांनी खालूनच फोन करून कळवलं. माणसं चांगली आहेत.”

मेट्रन गुडघा धरून खाली बसल्या. काका उभेच राहिले.

“काका,” मांडणीबाई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ऐकणे जास्त अवघड झाले. “नळ तुम्ही सैल केलात?”

“हो.”

“आणि वास?”

“दूध मी करपवत होते,” मेट्रन म्हणाल्या. “यांना बोलू नकोस. सुरुवात माझी.”

“मी रोज रात्री विचार करते, की रंग चुकला की पडदे चुकले. माझं काम जायची वेळ आली होती, काकू.”

“चूक झाली आमची, ताई. मोठी चूक झाली. पण आता कुठे अक्का…” काकांना वाक्य पूर्ण करता आले नाही.

“बोल की,” अक्का म्हणाल्या. “आता कुठे अक्का हिंडाफिरायला लागली, असंच ना? मला वाटलंच होतं. मेट्रनच्या हातून आयुष्यात दूध उतू गेलं नाही आणि या घरात दर माणसांच्या वेळेला करपतं, हे कळायला डोळे कशाला लागतात?”

“मग बोलला का नाहीत?” मेट्रननी विचारले.

“मला बरं वाटत होतं म्हणून. खोटं कशाला सांगू? आपल्यासाठी कोणी दूध जाळतंय, म्हटलं जाळू दे थोडे दिवस. पण परवा ही पोर इथे बसून बोलली, तिचा आवाज ऐकला, आणि पुरे झालं. नव्या घराची मला भीती वाटते. पण भीती माझी आहे ना, मग तिची किंमत हिनं का भरायची?”

काका नकळत खाली वाकून खुर्चीचा पाय पट्टीवर आहे का पाहू लागले.

“आणि धाकट्या, ते झाड प्लास्टिकचं आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पान चुरगळून पाहिलं होतं मी.”

काका वाकलेले तसेच थांबले. “मग पाणी कशाला घालत होतीस?”

“मी वळले की तू मांजरासारखा फडकं घेऊन यायचास. ऐकायला मजा यायची.”

आधी मांडणीबाईला हसू फुटले. ते आवरायचा तिने प्रयत्न केला, कारण तिचा राग अजून संपला नव्हता. पण मेट्रनही डोळे पुसता पुसता हसू लागल्या, आणि मग इलाज राहिला नाही.

हसणे ओसरल्यावर अक्का म्हणाल्या, “घर मी विकलं आहे. त्याबद्दल मला काहीतरी मिळायला पाहिजे.”

“काय हवं, अक्का?”

“हेच सामान आणि हीच मांडणी. सोफ्यापासून टेबल, टेबलापासून चौकट. जिथे जायचं तिथे तशीच.”

मांडणीबाईने डोके धरले. “प्रत्येक घराची मांडणी वेगळी असते हो. त्या घरात गॅलरी उजवीकडे आहे. स्वयंपाकघर आहे तसंच येईल, पण सोफा असाच ठेवला तर त्याची पाठ खिडकीला लागेल. फोटोत खोली निम्मी दिसेल.”

“मग फोटोत फिरव. तूच सांगितलं होतंस ना, कॉम्प्युटरवर आता रिकाम्या खोलीतसुद्धा सोफा घालतात म्हणून?”

“आणि माणसं प्रत्यक्ष बघायला आली म्हणजे?”

“त्यांना मी दाखवेन.”

पर्सला अडकवलेली मोजपट्टी मांडणीबाई ओढून काढत होती आणि परत आत जाऊ देत होती. मग उठली आणि सोफ्याच्या टोकाला पट्टी लावली. “काका, दुसरं टोक धरा. पण मला न विचारता यापुढे एक स्क्रूसुद्धा फिरवायचा नाही.”

“नाही फिरवणार.”

“आणि काकू, दूध मी येताना बघत जाईन.”

घर बदलायच्या दिवशी अक्का नव्या इमारतीच्या खाली बाकावर बसल्या होत्या. वर नव्या घरात काका हातात जुन्या खोलीचे फोटो घेऊन उभे होते आणि सामान उचलणाऱ्या दोघांचा जीव मेटाकुटीला आणत होते. सोफा बोटभर इकडे, नाही, अर्धे बोट तिकडे. मुद्रिते तपासताना मूळ प्रत डाव्या हाताला ठेवत, तसा फोटो त्यांनी डाव्या हातात धरला होता. मांडणीबाई दारात उभी राहून त्या खोलीकडे पाहत होती. सोफ्याने खिडकीकडे पाठ फिरवली होती, टेबल विनाकारण मध्ये आले होते; तिच्या हातून इतकी वाईट खोली कधी लागली नव्हती.

“झालं समाधान?” तिने विचारले.

“दिवा थोडा डावीकडे हवा,” काका म्हणाले.

“अहो, दिवा त्यांना दिसत नाही.”

“अंगाला लागतो तर खरा.”

मेट्रन अक्कांना घेऊन वर आल्या. दारात त्यांनी अक्कांचा हात सोडला आणि आपले हात पाठीमागे धरले. अक्का जरा थांबल्या. नव्या रंगाचा वास, वेगळ्या रस्त्याचा आवाज, वरच्या मजल्यावर कोणाचीच पावले नाहीत. मग त्यांनी हात पुढे केला. बोटांना सोफ्याची पाठ लागली, तिच्यावरची शिवण लागली. त्या चालू लागल्या. टेबलाचा कोपरा आला, वळण आले, चौकट आली. तिथून मागे फिरून त्या नेहमीच्या वाटेने गॅलरीकडे निघाल्या आणि त्यांचा तळवा भिंतीवर टेकला. तिघांनीही श्वास रोखला.

“इथे गॅलरी होती,” अक्का म्हणाल्या.

“आता उजवीकडे आहे गं. भिंत धरून आलीस की दार लागेल.”

अक्का भिंत धरून सरकल्या. कडेने उजेड आला तसा त्यांचा चेहरा तिकडे वळला. दाराशी कोपऱ्यात कुंडी होती. सवयीने त्यांनी पानाला हात लावला, आणि हात तिथेच थांबला. पान गार होते, पातळ होते. त्यांनी ते बोटांत हलकेच चुरगळून नाकाशी नेले.

“हे कोणी आणलं?”

काका दिव्याची वायर सारखी करत होते. मांडणीबाई मोजपट्टी गुंडाळत होती.

“मेट्रनबाई, तू सांग.”

“मला विचारू नका. दोघांनी एकेक आणलंय. एक तिथे आहे, दुसरं मागच्या खिडकीत ठेवलंय.”

“याला जास्त पाणी झालं तर हे मरेल,” अक्का म्हणाल्या.

“मग बेतानं घाल,” काका म्हणाले. “आता पुसायला मी येणार नाही.”

“येशील. तुझ्यानं राहवणार आहे का?” अक्कांनी पान सोडले, भिंतीवरून हात उचलला आणि आल्या वाटेने परत सोफ्यापर्यंत आल्या. “चहाचं सामान कोणत्या खोक्यात आहे? की तेही पाठ करायचं मला?”

“लावलंय,” मेट्रन म्हणाल्या. “होतं तिथेच.”

अक्का स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर तिघे कपांचा आवाज येण्याची वाट पाहत उभी राहिली.